लिफ्टची पाटी

राजकारण मला लहानपणी चहाबरोबर मिळालं. कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी वडिलांचे मित्र जमत आणि दुसरा कप येईपर्यंत दिल्लीतलं सरकार पाडत. जेवायच्या वेळी ते बिचारं पुन्हा उभं राही, कारण सगळ्यांना घरी जायचं असे. मला त्यातली खेचाखेची फार आवडे. पुढे आयटी कंपनीत लागले. तिथे राजकारण म्हणजे अमेरिकेला कुणाची वर्णी लागणार, एवढंच.

मग आम्ही वाघोलीला नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि राजकारण लिफ्टने वर आलं.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पलीकडच्या वस्तीतून चालत येत. त्यांची सगळी कामं वरच्या मजल्यांवरची, आणि गुडघा दुखरा. अशात सोसायटीच्या सभेत ठराव आला, की लिफ्टमध्ये गर्दी होते, तेव्हा घरकामाच्या बायकांनी जिना वापरावा. गर्दी कसली डोंबलाची! मी रोज एकटीच आरशात तोंड बघत वर जायची. मी हरकत घेतली. "भावनिक होऊ नका," अध्यक्ष म्हणाले आणि भराभर हात वर झाले.

दुसऱ्या दिवशी मावशी घामाघूम होऊन आल्या आणि ओट्याला टेकल्या.

"थोडे दिस बघते. न्हाईतर वरची घरं सोडावी लागतील. गुडघा काय सभेला इचारून दुखत न्हाई."

वरची घरं सुटली तर त्यांची चूल कशी पेटणार होती? माझं डोकं असं तापलं की ऑफिसात त्या दिवशी कुणी माझ्या वाटेला गेलं नाही.

संध्याकाळी अध्यक्ष दारात हजर. "तुम्ही पेठेतल्या ना? मग पाटी तुम्हीच लिहा. फक्त कामवाल्या वगैरे शब्द नकोत. उद्या कुणी फोटो काढला तर बरं दिसत नाही. जरा न्यूट्रल ठेवा."

नियम करायची लाज नव्हती, लिहायची होती. मी अगदी गोड आवाजात हो म्हटलं आणि लिहून दिलं: "या इमारतीत न राहणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये. सबबी सांगू नयेत." कमिटीला ती फार प्रोफेशनल वाटली. मी मान डोलावली. घरात मात्र एकटीच हसत होते.

रविवारी आठव्या मजल्यावर अध्यक्षांकडे मुलीच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले. आमचा वॉचमन नवा होता आणि नियमाला पक्का.

"आपण इथे राहता का?"

"नाही."

"मग जिना तिकडे आहे, साहेब."

मुलाची आई पैठणी सावरत चौथ्या मजल्यावर पायरीवरच बसली. वडील वर पोचले तेव्हा बोलणी करण्याइतका दम त्यांच्यात उरला नव्हता. लग्न जमलं, काळजी नसावी.

त्याच संध्याकाळी तातडीची सभा. "पाहुण्यांना सूट द्यायला हवी," अध्यक्ष म्हणाले.

मी उभी राहिले. "जरूर द्या. मग सूट कुणाला नाही, तेही स्पष्ट लिहू. पाटी मी करते, खाली सही तुमची."

अध्यक्षांनी पेन पुन्हा खिशात ठेवलं. शेवटी पाटी उतरली आणि तिच्याबरोबर ठरावही. घरी येऊन मी दोन वाट्या श्रीखंड हाणलं.

सकाळी मावशी जिन्यानेच आल्या.

"अहो मावशी, लिफ्ट मोकळी झाली!"

"कळलं की. पर आत पाचव्याच्या ताई हुत्या. मला बघून त्या भाईर आल्या. मग म्हनलं, जाऊ द्या."

कालचं श्रीखंड घशाशी आलं. पुढे घरकामगारांच्या मोर्चांत मी घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, वॉर्ड ऑफिसात जाऊन भांडले, पण इतकं हरल्यासारखं पुन्हा कधी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन मावशींची वाट पाहत उभी राहिले. आम्ही दोघी लिफ्टमध्ये शिरलो आणि नेमक्या त्याच ताई भाजीची पिशवी घेऊन आल्या. आम्हाला बघून थबकल्या. "तुम्ही व्हा पुढे, मी येते नंतर."

माझ्या जिभेवर असा शब्द आला होता, की ताईंनी वाघोलीच सोडली असती. पण मावशींनी माझ्याआधी हात घालून दार अडवलं.

"या की ताई. लई जागा हाय."

दार मिटू पाहत होतं आणि त्यांच्या हाताला लागून पुन्हा उघडत होतं. मावशींनी हात काढला नाही. ताईंनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे, आणि आत आल्या.

मी बटणाकडे हात नेला, तर मावशींनी तो हलकेच बाजूला केला.

"पाचवा ना तुमचा?" त्यांनी ताईंना विचारलं आणि आधी पाच दाबलं, मग नऊ.