लांबोबाच्या आत कोण होतं

आमच्या वार्दगेम गावाचा इतिहास सांगायला फार वेळ लागत नाही. जुन्या काळी स्पेनच्या सैनिकांनी गावाला वेढा घातला आणि वेशीची किल्ली मागितली. वेशीवर लीवेन नावाचा राखणदार होता. तो म्हणाला, "आणतो," आणि गेला. तीन दिवस पाऊस लागला. सैनिक चिखलात उभे राहून कंटाळले आणि शेजारचं डोर्नहाउट लुटायला निघून गेले. लीवेन काही किल्ली घेऊन आला नाही. गावाने त्याला देवाच्या खालोखाल मान दिला. डोर्नहाउटची माणसं अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.

त्या लीवेनचा साडेचार मीटर उंच, वेताचा पुतळा आम्ही दर सप्टेंबरात मिरवतो. त्याला सगळे लांबोबा म्हणतात. एक माणूस आत शिरतो, पंचावन्न किलोंचा सांगाडा खांद्यावर पेलतो आणि चौकात बँडच्या तालावर तीन गिरक्या घेतो. आतल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही आणि अंगरख्याखाली वाकून बघायचं नाही. लांबोबा आपल्या पायांनी चालतो, बस्स. नाव सगळ्यांना माहीत असतं, ती गोष्ट वेगळी.

सव्वीस वर्षं ते नाव सिरिएलचं होतं. त्याच्या आधी त्याच्या बापाचं. पण मला सांगायचंय ते त्याच्या बायकोबद्दल, एमेरान्सबद्दल. ती माझी शेजारीण. चौदाव्या वर्षापासून ती धागा काढण्यासाठी नदीत कुजत घातलेल्या जवसाच्या ओल्या पेंढ्या उपसायची. त्या वासाने परगावचे लोक नाक धरायचे. आम्हाला तो वास येत नसे, कारण आमचं पोट त्यावर चालायचं. नदीतलं काम बंद पडल्यावर ती शिवणकाम करू लागली. लांबोबाचा अंगरखा दर उन्हाळ्यात तीच दुरुस्त करायची. खांदे मात्र नदीवरचेच राहिले. तिच्या मापाचा ब्लाउज दुकानात मिळत नसे.

अडुसष्ट साली मिरवणुकीच्या आदल्या गुरुवारी सिरिएल बटाट्यांचं पोतं घेऊन तळघराच्या पायऱ्यांवरून घसरला. गुडघा कोबीएवढा सुजला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पाय टेकायचा नाही.

संध्याकाळी बेकरीवाला ओमेर आला. तो मिरवणूक समितीचा प्रमुख. मी सूप घेऊन गेले होते, म्हणून सगळं ऐकलं.

"सिरिएल, गेल्या साली तू अडखळलास, तेव्हाच नगरसभेत चाकांचा विषय निघाला होता," ओमेर म्हणाला. "यंदा लांबोबा नाचला नाही तर पुढच्या वर्षी त्याला चाकं लागणार. ट्रॅक्टर ओढेल."

"डोर्नहाउटच्या त्या बाईच्या पुतळ्यासारखा?"

"तसाच."

सिरिएलने भिंतीकडे तोंड फिरवलं. बदलीला पूर्वी एक माणूस होता, पण त्याने डोर्नहाउटची मुलगी केली आणि तिकडेच राहायला गेला. त्याला बोलावण्यापेक्षा चाकं बरी, असं ओमेरसुद्धा म्हणाला.

तो गेल्यावर एमेरान्स मला दारापर्यंत सोडायला आली. "झुल्मा, चाकं लागली तर हा माणूस त्या भिंतीकडे बघत मरेल," ती म्हणाली. "आणि तो पटकन मरणाऱ्यातला नाही. वीस वर्षं लावेल."

"मग?"

"मग काय? अंगरखा मीच शिवलाय. आत कुठे काय टोचतं ते मला माहीत आहे."

शुक्रवार-शनिवार ती ओल्या कपड्यांची टोपली खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात गिरक्या घेत होती. सिरिएल पलंगावरून काठी आपटून ताल द्यायचा. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

"वळ! अगं, वळ म्हणतो, घुसळू नकोस!"

"तू सव्वीस वर्षं घुसळतच होतास. मी बाहेरून बघत होते ना!"

रविवारी चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती सिरिएलची विजार घालून उभी राहिली. ओमेरने तिला पाहिलं. मग तो आकाशाकडे बघत राहिला, ती आत शिरेपर्यंत. "हवा चांगली आहे," तो कुणाकडेच न बघता म्हणाला.

चौकातल्या पहिल्या कॅफेपाशी लांबोबा नेहमीप्रमाणे थांबला. पोटावरच्या झडपेतून बिअरचा ग्लास आत गेला. आणि तसाच भरलेला परत आला.

"कॉफी असली तर बघा," आतून आवाज आला.

बँड थांबला. ओमेरने घसा साफ केला. "लांबोबाला आज कॉफी पाहिजे."

कॅफेवाल्याने झडपेकडे बघून विचारलं, "दूध?"

"थोडं."

मग नाच सुरू झाला. पहिली गिरकी छान झाली. दुसरीला लांबोबा एकदम डावीकडे कलला, हातातल्या मोठ्या किल्लीने ट्रॉम्बोनवाल्याची टोपी उडवली आणि तसाच तिरका उभा राहिला. मी माझ्या पर्सचा पट्टा इतका ओढला की तुटला. नगरसभेतले दोघे एकमेकांकडे बघायला लागले. आतून बारीक आवाजात मोजणं ऐकू आलं: एक, दोन, तीन. लांबोबा सावकाश सरळ झाला आणि त्याने तिसरी गिरकी घेतली.

टाळ्यांच्या मध्येच मागून कुणीतरी ओरडलं, "आत बाई आहे!"

खाटकाने वळून बघितलं. "आत कुणीच नसतं. कुठला रे तू?"

"डोर्नहाउटचा."

"तरीच."

नगरसभेच्या वहीत त्या वर्षीही लिहिलं गेलं की लांबोबा आपल्या पायांनी चालला. चाकांचा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. ती जिना कठड्याला धरून चढली. सिरिएलचा पलंग खिडकीशी ओढलेला होता. तिथून त्याला घरांच्या छपरांवरून लांबोबाचं फक्त डोकं दिसलं असणार.

"दुसऱ्या गिरकीला डावीकडे गेलीस," तो म्हणाला.

"गेले."

"तिथे एक दगड वर आलाय. पुढच्या वर्षी उजवा पाय आधी टाक."

एमेरान्स खुर्चीत बसली, बूट काढले आणि म्हणाली, "बरं."