जर्मनचे पिस्टन

माझ्या बहिणीचा नवरा पंजाबराव याला मोटर चालवता येत होती. एवढ्या एका गुणावर त्याने अख्खं आयुष्य अकलेवाचून रेटलं. सत्तावन्न साली वावर विकून त्याने कुण्या साहेबाची जुनी विलायती मोटर घेतली, ढाणकीत टॅक्सी सुरू केली आणि त्या दिवसापासून त्याचे पाय जमिनीला लागेनात. पानाच्या ठेल्यापर्यंत जायचं तरी मोटर. बाजाराच्या दिवशी उमरखेडला माणसं न्यायची, कापसाच्या हंगामात अडत्यांना यवतमाळला न्यायचं, असा त्याचा धंदा. माणूस वाईट नाही, असं माझी आई म्हणायची. पण आई जावयाबद्दल दुसरं काय म्हणणार? जावई आला की त्याच्या पायांवर पाणी घालतात. डोक्यावर घालायची आपल्याकडे रीत नाही.

मग फुलसावंगीचा रूपसिंग त्याच जातीची दुसरी मोटर घेऊन ढाणकीच्या चौकात येऊन उभा राहिला. दोन्ही मोटरी म्हाताऱ्या, दोन्ही धूर ओकणाऱ्या. अडत्यांना गंमत सुचली. दसऱ्याच्या दिवशी दोघांनी ढाणकीहून उमरखेडला मोटरी पळवायच्या, जो आधी पोचेल त्याच्याच मोटरीत सगळे अडते हंगामभर बसतील. अडत्यांचं काय जातं? कोंबडे झुंजवणाऱ्याला चोच लागत नाही.

पंजाबरावाच्या इंजिनात दम राहिला नव्हता. सिलिंडर झिजले होते. ते आतून कोरून मोठे करायचे आणि त्यात मोठ्या मापाचे नवे पिस्टन घालायचे, असं पुसदच्या मिस्त्रीने सांगितलं. कुठलेही चांगले पिस्टन घालून मोकळा होईल तर तो पंजाबराव कसला? एका ट्रक ड्रायव्हरने त्याला चहा पिता पिता सांगितलं की शर्यतीच्या मोटरीत जर्मनचे पिस्टन घालतात. झालं! दुसऱ्या दिवसापासून ढाणकीत तेच पुराण.

"मास्तर, जर्मनीचा माल हाये," तो मला म्हणाला. मी उमरखेडला शाळेत शिकवतो, म्हणून सासरच्या माणसांत मी एकटाच त्याच्या मते ऐकण्याच्या लायकीचा. "तिकडचं लोखंडबी शाळा शिकेल रायते."

हातात पैसे नव्हते, पण घरात तुळसाबाईचा हंडा होता. तुळसाबाई माझी मोठी बहीण. हंडा पितळेचा, भरला तर दोघांना उचलावा लागे एवढा. आईने तिला लग्नात दिलेला, त्याआधी आईला तिच्या आईने दिलेला. ढाणकीतल्या बाया लग्नकार्याला तो मागून न्यायच्या. परत आला की तुळसाबाई चिंचेने घासून तो पुन्हा जागेवर मांडायची. तिला मिरवायला ती एकच वस्तू होती, नवरा काही मिरवण्यासारखा नव्हता. पंजाबरावाने तो हंडा उचलून कासाराकडे मोडीच्या भावाने ठेवला.

"दिवाळीपर्यंत मोडत नाई म्हनते कासार," त्याने तिला सांगितलं. "हंगाम लागला का पयले तुझा हंडा आनतो."

मला राग आला होता, तो अजूनही येतो.

पिस्टन आणायला यवतमाळला जाताना त्याने मला सोबत घेतलं, खोक्यांवर इंग्रजी असतं म्हणून. बाबुलालच्या दुकानात शिरताच त्याने छाती काढून सांगितलं, "जर्मनचे पिस्टन दाखव."

बाबुलालने खोकं उघडून एक पिस्टन फळीवर ठेवला. पांढरा, चकचकीत. पंजाबरावाने तो तळहातावर तोलला, मग नखाने टिचकी मारली आणि त्याचं तोंड कडू झालं.

"अबे, हे तर जर्मन हाये!"

"तुम्हीच तर जर्मन म्हटलं ना, भाऊ."

"मी देश म्हटला बे! गंज नाई म्हटला!"

आता आपल्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जर्मनचा गंज म्हणजे पातेलं, जर्मनची थाळी. ज्याला पितळ परवडत नाही त्याच्या चुलीवरचं भांडं. ट्रक ड्रायव्हर बापडा तेच म्हणाला होता, जर्मनीला हा एकटाच पोचला. हलका पिस्टन चपळ असतो, इंजिन लवकर उचल घेतं, असं बाबुलाल सांगू लागला. त्याला खोकं खपवायचं होतं हे खरं, पण म्हणून ते खोटं ठरत नव्हतं.

"भाऊजी, तो काय म्हणतो ते ऐकून तर घ्या," मी म्हणालो.

"मास्तर, मी इंजिन बनवून राह्यलो, भात नाई शिजवून राह्यलो! मजुराच्या चुलीवरचं भांडं माह्या मोटरीत? लोक काय म्हनतीन?"

मग त्याने लोखंडी पिस्टन काढायला लावले. एकेक हातात घेऊन, खालीवर करून, बाया घागर निवडतात तसे त्याने दुकानातले सगळ्यात जड चार निवडले. "माल म्हंजे वजन," तो म्हणाला. वजनाचं एवढं कौतुक, आणि घरातली वजनदार वस्तू मात्र कासाराकडे पोचवून आलेला.

ते जर्मनचं खोकं पुढे बाबुलालने रूपसिंगच्या गळ्यात मारलं. रूपसिंगला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "मले काय मालूम? सस्ते भेटले." दुकानातली देशाची आणि गंजाची गोष्ट मात्र मी ढाणकीत घरोघर सांगितली.

दसऱ्याला पंजाबरावाने मोटरीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मला शेजारी बसवलं. जिंकताना बघायला घरचं कुणी तरी हवं ना! सुरुवातीला आम्ही पुढे होतो. मग सरळ रस्ता लागला, त्याने पाय दाबला आणि आत कुणी तरी घण घालतंय असा आवाज सुरू झाला.

"भाऊजी, इंजिन वाजतंय."

"वजनाचा आवाज हाये थो!"

पुढच्या वळणावर मोठा धडाका झाला. पिस्टनचा दांडा तुटला आणि एक पिस्टन इंजिनाची कूस फोडून रस्त्यावर येऊन पडला. रूपसिंग हॉर्न वाजवत बाजूने निघून गेला, जाताना त्या मेल्याने हातही केला. पंजाबराव खाली उतरला, तो गरम पिस्टन दुपट्ट्यात धरून त्याने चहूबाजूंनी पाहिला.

"पाह्यलं, मास्तर? पिस्टनले काईच नाई झालं," तो म्हणाला. "इंजिनच कमजोर निंगालं."

हंगाम रूपसिंगने केला. कासार शब्दाचा पक्का होता, दिवाळीपर्यंत थांबला आणि मग त्याने हंडा मोडला.

भाऊबीजेला मी ढाणकीला गेलो. हंड्याची जागा रिकामीच होती. तुळसाबाईने मला जर्मनच्या थाळीने ओवाळलं, कारण पितळेचं तबक फुटलेल्या इंजिनासाठी मिस्त्रीने आणलेल्या सामानापायी गेलं होतं. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. जेवताना ठेचा आला, तोही त्या लोखंडी पिस्टनमधून. उलटा ठेवला की त्याचा चांगला खल होत होता.

मग तिने वरणाचा नवा पांढरा गंज पंजाबरावासमोर ठेवला. त्याने सवयीने नखाने टिचकी मारली.

"हा गंज कुठून आनला वं?"

"जर्मनीहून," तुळसाबाई म्हणाली. "जेवा."