दैवशालाबाईंच्या नावानं गेलेली पत्रं

जालन्यातल्या एका सरकारी कचेरीत लोक साहेबांना जेवढे वचकून नसत, तेवढे दैवशालाबाईंना असत. खरं तर त्यांचं टेबल दाराजवळचं, पंखा अर्धवट लागणारं, आवक-जावकचं. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, गेलेल्या कागदाला नंबर द्यायचा, एवढंच काम. पण बाईंचं म्हणणं असं की, त्यांच्या रजिस्टरात चढला नाही तो कागद आलाच नाही, आणि जावक क्रमांकाशिवाय बाहेर पडला तो कागद या कचेरीचा नाहीच. मग त्याच्यावर कोणाचीही सही असो.

एकदा एका साहेबांनी मागच्या तारखेचं पत्र घुसवण्यासाठी रजिस्टरात एक ओळ मोकळी सोडायला सांगितली. बाई म्हणाल्या, "साहेब, ओळ मोकळी सुटली की तिच्यात उद्या कोन काय लिहील, मी कुठं बघायला बसू?" साहेबांनी त्यांना आठ महिने अडगळीच्या खोलीत बसवलं. त्या बसल्या. डबा घेऊन जायच्या, जुन्या फायलींवरची धूळ झटकायच्या आणि बरोबर वेळेवर घरी यायच्या. साहेबांची बदली झाली तेव्हा बाई पुन्हा आपल्या टेबलावर आल्या आणि जणू कालच उठून गेल्या होत्या अशा थाटात रजिस्टर उघडून बसल्या.

आणखी एक खोड होती. पत्र आलं की त्याच दिवशी उत्तर. घोंगडं भिजत ठेवायचं नाही. एकतीस वर्षं हेच केल्यावर माणूस निवृत्त होतो, खोड होत नाही.

पती काकासाहेब सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगी मीना लग्न होऊन नाशिकला. जालन्याच्या मस्तगड भागातल्या घरात बाई खाली एकट्या राहत आणि वरच्या दोन खोल्या भाड्यानं देत. मागच्या वर्षी वरचा भाडेकरू बदली होऊन गेला. दिवाळीला आलेल्या मीनानं खोल्यांचे फोटो काढले, मोरीचा नळ चालू करून त्याचाही काढला आणि घरं भाड्यानं देण्या-घेण्याच्या एका वेबसाइटवर जाहिरात टाकून दिली.

"फोन नंबर नको टाकायला, आई. कोणीही कधीही फोन करतं. विचारणारे ईमेल करतील, तू उत्तर दे. आणि ओटीपी कोणालाच सांगायचा नाही."

"ते मला म्हाईत हाय. बँकेवाले पन सांगतेत," बाई म्हणाल्या.

ईमेल त्यांना आवडलं. पत्रच ते. शंभर पानी वही आणून त्यांनी रेघा मारल्या, डावीकडे आवक, उजवीकडे जावक. कोण, कुठला, कधी आलं, काय उत्तर दिलं. मीना हसली. बाईंनी मनावर घेतलं नाही. सगळी उत्तरं कचेरीच्या भाषेत जात : "आपले पत्र मिळाले. खोली पाहण्यास समक्ष यावे. आपली विश्वासू."

पाचव्या दिवशी एक वेगळं पत्र आलं. वर त्या वेबसाइटचं चिन्ह. विषय : आपल्या जाहिरातीच्या पडताळणीबाबत. संदर्भ क्रमांक अमुक. चोवीस तासांत पूर्तता न केल्यास जाहिरात रद्द करण्यात येईल. खाली निळी पट्टी, तिच्यावर लिहिलेलं "ओळख पटवा".

विषय आणि संदर्भ! इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी शिस्तीत पत्र लिहिलं होतं. बाईंना बरंच वाटलं. कचेरीत असताना पाकीट फोडण्याआधी त्या शिक्का कुठल्या गावचा आहे ते डोळ्याजवळ नेऊन बघत. या पत्राला पाकीट नव्हतं. म्हणजे होतं. पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं असतं तर खरा पत्ता उघडा पडला असता आणि तो त्या वेबसाइटचा नव्हताच. पण ईमेललाही पाकीट असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी निळी पट्टी दाबली. ओळखीच्या रंगाचं पान उघडलं. दोन रकाने होते. एक ईमेलचा पत्ता, दुसरा त्याच ईमेलचा पासवर्ड. पासवर्ड कोणाला द्यायचा नाही, हे बाई जाणून होत्या. पण कोणाला म्हणजे माणसाला. इथे माणूस नव्हता, रकाना होता, आणि रिकामा रकाना दैवशालाबाईंना आयुष्यात कधी बघवला नाही. ओटीपी तर कोणी मागितलाही नव्हता. त्यांनी दोन्ही रकाने भरले आणि वहीत नोंद केली : पूर्तता केली.

त्यानंतर पत्रं यायची थांबली. बारा दिवसांत एकही नाही. "आजकालच्या लोकांना अटॅच संडास लागतो, आपली खोली कोन घेतंय," असं त्या शेजारच्या चांगुणाबाईंना म्हणाल्या आणि विषय सोडून दिला.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास दारात जीप थांबली. टपावर पलंग, गादीची वळकटी, ज्वारीचं पोतं, बादलीत घातलेली शेगडी. आतून पन्नाशीचा एक उंच माणूस उतरला, मागोमाग एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. मुलीनं नवा ड्रेस घातलेला होता.

"दैवशाला मॅडम तुमीच ना?"

"हो."

"मी अंगद. घनसावंगीकडून आलो. ही माझी पोरगी, संध्या. खोलीचं बोलनं झाल्तं ना, त्ये सामान आनलं."

"कुनाशी झाल्तं बोलनं?"

अंगद जरासा हसला. बाई गंमत करतात असं त्याला वाटलं असावं. "तुमच्याशीच की."

घर चुकलं असेल, असं बाई म्हणाल्या. मस्तगडात पाहुणा चुकतोच. तेव्हा त्यानं पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढली. मुलीच्या फोनवर आलेली पत्रं त्यानं झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली होती, पुरावा हाताशी असावा म्हणून. तीन पानं. बाईंनी चष्मा लावला आणि उंबऱ्यातच वाचायला लागल्या.

"आपले पत्र मिळाले. मी सध्या मुलीकडे नाशिकला असल्याने खोली समक्ष दाखविणे शक्य नाही. अन्य दोन कुटुंबे तयार आहेत. अनामत रक्कम खालील खात्यावर जमा केल्यास खोली आपल्यासाठी राखून ठेवण्यात येईल. चावी रविवारी मिळेल. आपली विश्वासू, दैवशाला."

खोटं पत्र त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं असं नाही. पण खोट्या पत्राची भाषा खोटी असते, कुठेतरी अडखळते. ही भाषा त्यांची होती. "राखून ठेवण्यात येईल" हे त्यांचंच होतं. चोरानं त्यांनी पाठवलेली पत्रं वाचली होती आणि त्यावरून त्यांना गिरवलं होतं.

"हे मी लिहिलेलं न्हाई," त्या म्हणाल्या.

अंगदच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मंग आमी काय खोटं बोलून राह्यलो का, बाई? नाव तुमचं, घर तुमचं, जाहिरातीतला पत्ता पन ह्योच. मी सोता येऊन बघनार व्हतो. पन कापसाची येचनी चालू, आन तुमी लिहिलं दोन गिऱ्हाईक थांबलेत. पोरीचा नर्सिंगला नंबर लागला, उद्यापासून कालेज. जल्दी जल्दी भरले पैसे."

एव्हाना चांगुणाबाई आल्या होत्या, समोरचे दोघे-तिघे गॅलरीत उभे होते. जीपवाला टपावर चढून दोरी सोडू का म्हणून विचारत होता. चांगुणाबाईंनी बाईंना दंडाला धरून आत ओढलं.

"तू कशाला घाबरतीस? तू कुठं नाशिकला गेल्तीस? सरळ म्हन, मला काय बी म्हाईत न्हाई. पोलिसात जा म्हनावं. तुजा काय दोष?"

दोष काय, हे बाईंनाही कळत नव्हतं. त्यांनी मीनाला फोन लावला. मीनानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आई, पासवर्ड कुठे टाकला होतास का?"

बाई वही घेऊन बसल्या. पानं उलटली. डाव्या बाजूला आवक, उजव्या बाजूला त्यांच्याच वळणदार अक्षरात : पूर्तता केली. त्याच्या खाली एकही नोंद नव्हती. पत्रं यायची कुठल्या दिवसापासून बंद झाली, हे त्यांच्या वहीइतकं स्पष्ट कोणी सांगितलं नसतं.

आता सांगतो, त्या घडीला वही मिटून कपाटात ठेवली असती तर कोणाला काही कळलं नसतं. चांगुणाबाई म्हणत होत्या तेच सगळ्यांनी मानलं असतं. फसवणारा कोणी भलताच, बाई बिचाऱ्या निर्दोष. आणि ते खोटंही नव्हतं. बाईंनी त्या पानाचा कोपरा दुमडला. मग वही घेऊन बाहेर आल्या.

"भाऊ, पत्र माझं न्हाई. पैसे मला मिळाले न्हाईत. पन चोर माझ्या नावात शिरला, त्याला दार मी उघडून दिलं. हे बघा, माझ्याच हातचं लिहिलेलं हाय." काय झालं ते त्यांनी गल्लीदेखत सांगितलं. निळ्या पट्टीसकट. एकतीस वर्षं ज्यांच्या अक्षरावर कोणी बोट ठेवलं नव्हतं, त्यांनी स्वतःच ठेवलं.

अंगद रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं ती तीन पानं पुन्हा फाईलमध्ये घातली. "मंग आता मी तुमचं काय खरं धरू, बाई?"

बाईंनी कनवटीची चावी काढून संध्याच्या हातात दिली. "सामान वर न्या. अनामत नको."

"फुकट न्हाई राहायची ती," अंगद म्हणाला. "महिन्याचं भाडं देईन."

दुपारी बाई आणि अंगद सायबर पोलिसांकडे गेले. तिथल्या महिला हवालदारांनी तक्रार लिहून घेतली, खात्याचा नंबर घेतला आणि उगाच धीर दिला नाही. "पैसे गेल्या-गेल्या १९३० या मदत क्रमांकाला फोन लावला असता तर अडवता आले असते. आता आठवडा होऊन गेला. प्रयत्न करू." मीनानं फोनवरून पासवर्ड बदलून घेतला, कोणी नव्या ठिकाणाहून शिरलं तर फोनवर कळेल अशी व्यवस्था केली आणि चोरानं लावून ठेवलेली एक सोयही शोधली. जाहिरातीची आलेली पत्रं बाईंना न दिसता परस्पर कचऱ्यात जात होती. कचरा उघडला तर आणखी चार माणसं निघाली. चौघांनाही "आपली विश्वासू" उत्तरं गेलेली.

संध्याकाळी अंगद परत निघाला. बाई चहा घेऊन जिन्यात आल्या होत्या. वर बापलेक बोलत होते. "पोरी, दार आतून लावून निजत जा. आन बाईनी काय बी सांगितलं, तरी मला इचारल्याबिगर करू नको."

बाई तिथेच थांबल्या. स्वतःच्याच घरात असं आपल्याबद्दल कोणी बोलेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यातली वाईट गोष्ट ही की, त्याचं बरोबर होतं. त्या थोड्या वेळानं मुद्दाम पावलं वाजवत वर गेल्या आणि चहा दिला. अंगदनं तो उभ्याउभ्याच घेतला.

दिवेलागणीला त्या पत्रं लिहायला बसल्या. चौघांना एकच मजकूर. माझ्या नावाने आलेली आधीची पत्रे माझी नाहीत, पैसे भरू नयेत, भरले असल्यास तातडीने तक्रार करावी. दोघांचं काही उत्तर आलं नाही. एकानं आभार मानले. चौथे अंबडचे दीनानाथ नावाचे गृहस्थ, बदली होऊन जालन्याला येणारे. त्यांचं उत्तर पाच मिनिटांत आलं.

"आदरणीय मॅडम, काल याच पत्त्यावरून आपण आज अनामत भरायला सांगितलंत. आज याच पत्त्यावरून भरू नका म्हणता. खाली नाव दोन्हीकडे आपलंच. यातल्या खऱ्या आपण कोणत्या, हे मी कसं ओळखायचं?"

आधी बाईंना संताप आला. कोण हा माणूस, त्याला वाचवायला निघाले तर मलाच विचारतो! मग संताप उतरला आणि डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी असंच विचारायला हवं होतं. त्यांनी विचारायला हवं होतं, त्या निळ्या पट्टीला. वरच्या खोलीत संध्या पलंग सरकवत होती, त्याचा आवाज येत होता.

त्यांनी सवयीनं "आपली विश्वासू" लिहिलं आणि पुसलं. नंबर घातला नाही, विषयही नाही. एकेक अक्षर बोटानं दाबत त्यांनी लिहिलं :

"ते ह्या पत्रावरून ओळखू नका. ओळखता येणार नाही. तुमचा प्रश्न बरोबर आहे. कोणतंही घर आधी येऊन बघा, दार उघडायला लावा, माणसाशी समोर बोला, मगच पैशाचं काढा. माझी खोली आता दिली गेली आहे. घर बघेपर्यंत कोणालाही एक रुपया देऊ नका. मलासुद्धा देऊ नका."