विमानाभोवती दुसरी फेरी

आमचं छोटं अॅम्ब्युलन्स विमान रत्नागिरीत उतरलं तेव्हा पेशंट अजून समुद्रातच होता. मासेमारीच्या बोटीवर जाळं ओढायच्या विंचमध्ये हात सापडून एका खलाशाचा पंजा मनगटापासून तुटला होता. पंजा बर्फात ठेवलाय, लवकर मुंबईला पोचला तर जोडता येईल, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. मी सहवैमानिक. माझं माहेर इथून हाकेच्या अंतरावर, पण त्या दिवशी घरी फोन करायचंही सुचलं नाही.

बोट बंदरात शिरतेय असा निरोप येताच बरोबर आलेल्या इंजिनिअरने विमानाच्या नाकाजवळच्या पिटोची कव्हरं काढली. पिटो म्हणजे बोटाएवढी पोकळ नळी. तिच्यात शिरणाऱ्या हवेवरून विमानाचा वेग कळतो. एक कॅप्टनच्या बाजूला, एक माझ्या. मी विमानाभोवती फेरी मारून चाकं, पंख, नळ्या सगळं नीट पाहिलं. लॉगबुकात इंजिनिअरच्या सहीखाली कॅप्टनची सही झाली. कागदावर विमान तयार होतं. पेशंट आला की दार लावायचं आणि निघायचं.

पण ओहोटी लागली होती आणि बंदराच्या तोंडाशी गाळ. बोट आत येईना. शेवटी होडी पाठवून पेशंटला उतरवून घ्यावं लागलं. तोवर विमान उन्हात उभं, नळ्या उघड्या. कव्हरं परत चढवावीत हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. अॅम्ब्युलन्सवाला दर फोनला "आलोच" म्हणत होता, आणि आम्ही दर वेळी त्याच्यावर विश्वास ठेवत होतो.

एकदाचा पेशंट आला. पोरगेलासा, चेहरा राखेसारखा. मागोमाग त्याचा थोरला भाऊ चढला आणि थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन बसला. पेटीत काय आहे हे विचारायची गरज नव्हती.

मी पट्टा आवळत होते. तेवढ्यात काचेसमोरून एक कुंभारीण गेली आणि नाकाच्या बाजूला खाली दिसेनाशी झाली. ही मातीचं घर करणारी माशी. आमच्या घरी तिने कुलपाची भोकंसुद्धा सोडली नव्हती, आणि तांबड्या मातीचा तिला इथे काय तोटा? मी पट्टा सोडला.

"सर, मला खाली उतरून एकदा बघायचंय."

"आता? फेरी झालीय. सहीही झालीय."

कॅप्टन भला माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा, आवाज कधी न चढवणारा. त्या दिवशी चढला. मीही काही गरीब गाय नव्हे. "सही झाली तेव्हा झाली. तेव्हापासून नळ्या उघड्या आहेत," म्हटलं आणि उत्तराची वाट न बघता उतरले.

माझ्या बाजूच्या नळीच्या तोंडाशी ओली तांबडी माती होती. मी बोट पुढे केलं तसा इंजिनिअर ओरडला, "टोचू नका, आत जाईल." त्याचा चेहरा पडला होता. माझाही पडला असणार.

कॅप्टन खाली आले, वाकून पाहिलं. "माझी नळी मोकळी आहे, तेवढ्यावर जाता येईल. आभाळ स्वच्छ आहे," ते हळूच म्हणाले. हलगर्जी माणसाचं बोलणं नव्हतं ते. त्यांच्या डोळ्यांसमोर ती पेटी होती.

"वेगाचे दोन्ही काटे जुळल्याशिवाय मी बसणार नाही, सर."

"आणि मी सही देणार नाही," इंजिनिअर म्हणाला.

कॅप्टननी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "करा."

नळी मागून सोडवायची, उलटी हवा मारायची, पुन्हा जोडून गळती तपासायची, सगळं लिहायचं, पुन्हा सह्या. घाई करून यातलं काहीच लवकर होत नाही. भाऊ पेटी घेऊन दारात आला.

"ताई, आता आनि काय बघायचं रवलं? चला ना गो."

"नळी बंद झालीय. विमान असंच उडवलं तर सगळेच जाऊ."

"किती टाईम?"

"अर्धा तास."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आत जाऊन तो पुन्हा पेटी मांडीवर घेऊन बसला आणि मी इंजिनिअरच्या हातांकडे बघत उन्हात उभी राहिले. मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता.

धावपट्टीवर दोन्ही काटे एकदम उठले, बरोबरीने चढले. आम्ही नीट पोचलो. डॉक्टरांनी पंजा जोडला, पण त्याने जीव धरला नाही. काही दिवसांनी तो काढावा लागला.

पुढे सुट्टीत घरी आले होते तेव्हा मिरकरवाड्याच्या जेटीवर तो भाऊ भेटला. त्याने मला लगेच ओळखलं. मासळी बाजूला सारून जवळ आला, आणि इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, "ताई, तो अर्धा तास नसता गेला, तर हात रवला असता?"

डॉक्टरांना विचारा, असं म्हणून सुटता आलं असतं. जीव तर वाचला ना, असंही म्हणता आलं असतं.

"रवला असता कदाचित," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "डॉक्टर नाय सांगत. घरचे नाय सांगत," तो म्हणाला. "तुमी सांगितलंत."