पिवळी तोटी

रोज सकाळी पाण्यात उतरण्याआधी आत्या आपल्या मुखवट्याच्या काचेत थुंकायची. थुंकी बोटाने काचभर पसरवायची, एकदा विसळायची आणि मुखवटा चेहऱ्यावर चढवायची. त्याने काचेवर वाफ धरत नाही. सगळेच पाणबुडे असं करतात. पण आत्याने ते करावं याचं घरात सगळ्यांना हसू यायचं, कारण एरवी तिला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस होती. दुसऱ्याच्या पेल्याला ती कधी ओठ लावत नसे. लिफ्टचं बटण कोपराने दाबायची. आजोबा म्हणायचे, "हिच्या चेहऱ्यावर नाक नाही, तक्रारपेटी बसवलीय."

उमेदीची वर्षं तिने बंदरात जहाजांच्या बुडाचं शेवाळ खरवडण्यात घालवली आणि नंतर नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर प्रशिक्षक म्हणून लागली. तिथे किळस यायला भरपूर होतं. जाळीत अडकलेले केसांचे पुंजके, पायऱ्यांना चिकटलेलं च्युइंगम, पाण्यावर तरंगणारी कुणाच्या तरी टाचेवरची पट्टी. हे सगळं ती चिमट्याने उचलायची आणि प्रत्येक वेळी "शी!" म्हणायची. मुलांनी तिचं नाव शीबाई ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं, आणि त्या नावाने हाक मारली तर ती ओ द्यायची.

मुलांना रीतसर पाणबुड्याचं शिक्षण द्यावं, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावं, ही एकच गोष्ट तिने त्या नोकरीत मागितली, आणि वर्षानुवर्षं तिला नाही म्हटलं गेलं. मग स्काउट पथकाचे सर आले. पथकाला कुठूनतरी सिलिंडर, जॅकेटं असं सगळं सामान देणगीत मिळालं होतं, शिकवायला माणूस नव्हता. आत्या तडक हो म्हणाली. त्या दिवशी घरी येऊन तिने सगळ्यांना सांगितलं, आणि चक्क आजोबांच्या ताटातला पापड मोडून खाल्ला.

सुरुवातीचे आठवडे छान गेले. मुलं शिस्तीची होती, एका शिट्टीवर रांगेत उभी राहायची. अडलं ते एकाच धड्यावर. पाण्याखाली प्रत्येकाजवळ हवा घ्यायच्या दोन तोट्या असतात. काळी स्वतःच्या तोंडात. पिवळी जॅकेटला अडकवलेली, जोडीदाराची हवा संपली तर त्याच्यासाठी. उतरण्यापूर्वी जोडीदाराच्या पिवळ्या तोटीतून एक श्वास घेऊन ती चालते का ते पाहायचं, हा नियम.

"म्हणजे दुसऱ्याचं उष्टं?" पालक समितीच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"हो."

"अहो, पण किती घाण!"

"घाणच आहे," आत्या म्हणाली. "मलाही ओकारी येते. तरी घ्यायचा."

बाई हसल्या. आत्याला वाटलं, पटलं.

परीक्षेच्या दिवशी मुलं जोडीजोडीने काठावर बसली. आत्याने विचारलं, "पिवळी तपासली?" सगळी एका सुरात ओरडली, "तपासली!" शिट्टीवर रांगेत उभी राहायची तशी. आदल्या संध्याकाळी समितीच्या बायकांनी येऊन मुलांच्या प्रत्येक पिवळ्या तोटीवर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा ताणून घट्ट चिकटवला होता. जंतू नकोत म्हणून. मुलांनी तो पाहिला होता. आपल्याच आयांनी लावलेला, मग त्यात काय सांगायचं? शिवाय उष्टं तोंडात घ्यायचं टळत होतं.

तलावाच्या खोल टोकाला आत्याने ठरल्याप्रमाणे एका मुलाच्या सिलिंडरची चावी बंद केली. त्याने गळ्यावरून हात फिरवून खूण केली, जोडीदाराची पिवळी तोटी तोंडात धरली, ओढली. काही आलं नाही. पुन्हा ओढली. मग त्याचे डोळे काचेमागे मोठे झाले आणि त्याने समोरच्या आत्याच्या तोंडातलीच तोटी हिसकली. आत्याने ती सोडली, स्वतःची पिवळी तोंडात घेतली आणि त्याला कंबरेला धरून सावकाश वर आणलं. वर येता येता तो तिच्या तोटीत ओकला.

काठावर तो रडत, खोकत बसला. आत्याने त्याची पाठ चोळली, जोडीदाराची पिवळी तोटी हातात घेतली, नखाने तो पापुद्रा सोलला आणि बोटांत धरून उजेडात बघितला. मग नळावर जाऊन चुळा भरत बसली.

सर तिच्या मागे येऊन उभे राहिले. "ताई, पोरगं ठीक आहे ना? मग झालं तर. रविवारी पाहुणे येणार आहेत, बिल्लेसुद्धा येऊन पडलेत. तुम्ही फक्त सह्या करा."

"कुणाचीच परीक्षा झाली नाही, सर."

"अहो, एवढंसं प्लास्टिक! त्या माउल्यांनी काळजीपोटीच लावलं ना?"

"आणि पोरांनी तपासली म्हणून सांगितलं, ते कशापोटी?"

"लहान आहेत. तुम्ही पण ना, राईचा पर्वत करता. हे बघा, सह्या नाहीत तर वर्ग नाही. मला दुसरं कुणी मिळेल."

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. ती च्युइंगमकडे बघायची, तसं. "मिळेलच," ती म्हणाली.

आणि मिळालं. रविवारी बिल्ले वाटले गेले, वर्तमानपत्रात फोटो आला. ओकलेला मुलगाही त्यात छाती काढून उभा होता. आत्याने तो अंक चिमट्याने उचलावा तसा दोन बोटांनी उचलला आणि रद्दीत टाकला. पथकाचं सामान सरांनी टेम्पोत चढवून नेलं. जेवताना ती म्हणाली, "घाण बघायची सवय आहे मला. ही धुऊन जात नाही, एवढंच."

पुढच्या वर्षी तिने बंदरातल्या ओळखीवर जुनी सिलिंडरं मिळवली आणि स्वतःच वर्ग सुरू केला. अट एकच: आधी आईबापांनी उथळ पाण्यात बसायचं आणि आपल्या मुलाच्या जोडीदाराच्या पिवळ्या तोटीतून सगळ्यांसमोर श्वास घ्यायचा. चौकशीला पुष्कळ आले, अट ऐकून गेले. तिघांचे आईबाप तेवढे पाण्यात उतरले. ओकलेल्या मुलाचे वडीलही त्यांत होते. ऑफिसचा शर्ट काढून, नाक मुरडत त्यांनी तोटी तोंडात धरली. आत्या शेजारी उभी राहून त्यांच्याइतकंच नाक मुरडत होती.

त्या तिघांना तिने खरंखुरं शिकवलं. शेवटच्या परीक्षेला मात्र ती नव्हती. आदल्या पहाटे झोपेतच गेली. तिच्या बंदरातल्या जुन्या सहकाऱ्याने ती परीक्षा घेतली, आणि तिघंही पास झाली.

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी सामान धुवायच्या टाकीत वाकून बघत ती म्हणाली होती, "शी! कुणीतरी यात नाक शिंकरलंय. उद्या आल्या आल्या आधी हे पाणी बदला."