दोनशे बारा कागदांवरची लाल खूण

माझ्या बायकोला, सुलभाला, उखाणे घेण्याचा भारी सोस. आमच्या कराडकडे लग्न असो, बारसं असो, कुणी 'नाव घे' म्हणायचा अवकाश, ही पदर सावरून तयार. या सोसापायी लखनौत नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिला एका घरातून हाकलून दिलं. तिथूनच सांगतो.

२००१ साली मी हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालो. वीस वर्षं रडार दुरुस्त करण्यात गेली. शेवटची पोस्टिंग लखनौची होती, मुलगा आशिष इथल्या शाळेत रुळला होता, म्हणून सरोजिनी नगरात दोन खोल्या घेऊन इथेच राहिलो. सुलभा पूर्वी बालवाडीत शिकवायची. तिला डॉ. श्रीपाद मिराशींच्या प्रोजेक्टमध्ये काम मिळालं. गरोदर बायकांच्या घरी जायचं, त्यांच्या मनाची अवस्था विचारून फॉर्म भरायचा, आणि मग ते मूल अठराव्या वर्षात येईपर्यंत त्याची खबर घेत राहायची. आई गरोदर असताना तिचं मन कसं होतं आणि पुढे मुलाच्या मनाचं काय झालं, हे डॉक्टरांना बघायचं होतं.

"इतकी वर्षं?" मी म्हटलं. "अगं, आमची रडारंसुद्धा एवढी टिकत नाहीत."

"मग तुम्ही टिकून दाखवा," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी कानपूर रोडमागच्या बस्तीत ती एका घरी गेली. फॉर्मवर तिसराच रकाना नवऱ्याच्या नावाचा. सुलभाने घुंघटातल्या सुनेला विचारलं. सून गप्प. इकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं असं मानतात. हे आमच्या बाईसाहेबांना कुठे ठाऊक? तिला वाटलं, पोरगी लाजते आहे. म्हणून आपल्याकडे करतात तसा आग्रह सुरू केला: "लेओ ना, लेओ ना, एक बार!" सासू उठली आणि तिने हिला दाराबाहेर काढलं.

दुसरी कुणी असती तर तो पत्ताच सोडला असता. ही दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. सासूसमोर बसून म्हणाली, "अम्मा, कल गलती मेरी थी. हमारे यहाँ तो भरी सभा में नाम लेना पड़ता है. ये देखिए." आणि घेतला उखाणा:

"कढईत सोडली पुरी, फुलली छान छान,
दत्तात्रयरावांचं नाव घेते, राखून अम्मांचा मान."

सासू पोट धरून हसली. शेजारच्या बायका जमल्या. तेव्हापासून त्या बस्तीत सुलभा दिसली की उखाण्याची फर्माईश होऊ लागली. मी तिथून सायकलवरून गेलो तरी पोरं ओरडायची, "दत्तातरे जी!" वीस वर्षं वर्दी घालून जी ओळख मिळाली नाही, ती बायकोच्या फॉर्मने मिळवून दिली.

त्या सुनेला मी इथे जगरानी म्हणतो. खरं नाव सुलभाने मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिच्याबद्दल पुढे जे लिहितो आहे ते तिनेच 'लिखिए' म्हटलं म्हणून.

सुलभाच्या लवकरच लक्षात आलं की सासू शेजारी असली की प्रत्येक सुनेचं उत्तर एकच: "सब ठीक है." मग तिने आपली रीत बसवली. आधी सासूचं ऐकायचं. तिचे गुडघे, तिची झोप, तिच्या मेलेल्या सासूचा जाच, सगळं अर्धा तास. मन मोकळं झालं की म्हातारी खुशीत शेजारणीकडे निघून जायची. मग सुनेबरोबर मटार सोलत बसायचं आणि एकेक प्रश्न काढायचा. बाकीच्या मुली दिवसाला आठ फॉर्म भरत, ही तीन. ऑफिसात बोलणी खायची, पण रीत सोडायची नाही.

त्या मटारांवर जगरानी एकदा म्हणाली, "कपड़े डालने छत पर जाती हूँ तो मुंडेर से चार हाथ दूर रहती हूँ, दीदी. अपने पर भरोसा नहीं." मुंडेर म्हणजे गच्चीचा कठडा. सुलभाने ते वाक्य जसंच्या तसं फॉर्मच्या कडेला लिहिलं. तिला मनाच्या डॉक्टरांकडेही नेलं, पण बरोबर सासू आली आणि तिथेही जगरानीचं "सब ठीक है" झालं. मग सुलभा लोहाच्या गोळ्यांचं निमित्त करून दर मंगळवारी तिच्याकडे जाऊ लागली. जानेवारीत जगरानीला मुलगी झाली, अंशिका. मंगळवार त्यानंतरही वर्षभर चालू राहिले.

२००२च्या उन्हाळ्यात ऑफिसात आकडे जुळवले, तर सुलभाच्या भागातल्या उदास बायका इतरांच्या तिप्पट. डॉक्टरांनी दुसरी कार्यकर्ती दहा घरांत फेरतपासणीला पाठवली. ती एका दुपारीत दहा घरं उरकून आली. नऊ ठिकाणी "सब ठीक है", त्यात जगरानीही. डॉक्टर मिराशी माणूस सभ्य. त्यांनी सुलभाला काही विचारलं नाही, कामावरूनही काढलं नाही. फक्त तिच्या दोनशे बारा फॉर्मांवर लाल पेन्सिलने खूण केली: संशयास्पद. हिशेबात धरायचे नाहीत.

त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. मी चिडलो होतो, कुणावर ते माझं मलाच कळत नव्हतं. यंत्राने दोन वेगळे आकडे दाखवले की एक खोटा, एवढंच मला वीस वर्षांत शिकवलेलं. मी विचारलं, "खरं सांग, फॉर्म घरी बसून तर नाही ना भरलेस?" आणि उत्तराची वाट न बघता चप्पल घालून बाहेर पडलो. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "नोकरी सोडणार नाही. त्या बायकांनी पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगितलंय, आणि ते खोटं ठरलंय. मी गेले तर ते कायमचं खोटं ठरेल."

आणि राहिली. एक नाही, दोन नाही, सतरा वर्षं. घरं बदलली, माणसं कानपूरला गेली, दिल्लीला गेली, हिने माग सोडला नाही. मुलांची उंची, शाळा, भांडणं, परीक्षेची भीती, दर फेरीला नवा फॉर्म. इतर भागांतली निम्मी मुलं हरवली. हिच्या दोनशे बारापैकी एकशे शहाण्णव शेवटपर्यंत सापडत होती. मी छाती फुगवून सांगतो, अख्ख्या हवाई दलात इतका माग ठेवणारं रडार मी पाहिलं नाही. खूण मात्र तशीच होती.

२०१९च्या डिसेंबरात शेवटची फेरी आली. नियम आता कडक झाले होते: प्रत्येकाशी एकांतात बोलायचं, जुने फॉर्म आधी बघायचे नाहीत. मुलांबरोबर आयांनाही गरोदरपणाच्या दिवसांबद्दल विचारायचं होतं. हे काम मैत्रेयी नावाच्या नव्या मुलीकडे होतं. लखनौतच वाढलेली, मराठी समजायची पण बोलायची हिंदीत. सुलभाने फक्त घर दाखवायचं आणि बाहेर थांबायचं.

जगरानीच्या दारात मीही होतो, सुलभाचा गुडघा दुखायचा म्हणून स्कूटरवर घेऊन गेलो होतो. आता ऐंशीला टेकलेली सासू खाटेवर बसली होती. सुलभा तिच्याशेजारी जाऊन बसली आणि सवयीने तिची झोप, तिचे गुडघे ऐकू लागली. आत आधी अंशिका बोलली, मग जगरानी. तासाभराने मैत्रेयी डोळे पुसत बाहेर आली. काय झालं ते तिने सांगितलं नाही, सुलभानेही विचारलं नाही.

आठवड्याने डॉक्टरांचा फोन आला. अमौसीहून मेट्रोने हजरतगंजच्या ऑफिसात गेलो. डॉक्टरांचे केस पांढरेफटक झालेले. त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते, एक पिवळा पडलेला, एक नवा. मला लांब बसवलं, नियम म्हणजे नियम.

"सुलभाताई," ते म्हणाले, "मुंडेर. चार हाथ. अठरा वर्षांनी तेच शब्द. मैत्रेयीने तुमचा कागद बघितलेला नाही."

सुलभाने पिवळा कागद जवळ ओढून वाचला.

"आठवणीला मी पुरावा मानत नाही. पण अशी एकच बाई नाही. आतापर्यंत साठ कागद लावून पाहिले, पन्नासांहून जास्त जुळले. मी तेव्हा दुसऱ्या बाईने सासवांसमोर विचारून आणलेलं खरं धरलं आणि तुम्हाला खोटं ठरवलं. तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं." ते उठले, खोडरबर घेतलं आणि पिवळ्या कागदावरची खूण आमच्यासमोर खोडली. उरलेल्या दोनशे अकरा कागदांची पेटी सुलभापुढे सरकवली. "ह्या खुणा तुम्ही खोडा. तुमचा हक्क आहे."

तिने दुपारभर बसून एकेक खूण खोडली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघत होतो. या बाईचा नवरा म्हणून बस्तीतली पोरं मला ओळखतात, याचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता. आणि त्याच वेळी तो चपला घालून बाहेर पडलेला दिवस आठवत होता.

घरी आल्यावर चहा झाला आणि मी एकदाचं बोललो. "डॉक्टरांनी माफी मागितली. माझी राहिलीये. मीही तुला संशयानेच विचारलं होतं."

सुलभाने कपबशी खाली ठेवली. "विचारलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "डॉक्टरांनी तेवढंही केलं नाही. तुम्ही उत्तर ऐकायला थांबला नाहीत, एवढंच."

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो. म्हटलं, "आता सांग."