येऊन राह्यलं

महागावच्या स्टँडवर पुण्याची ट्रॅव्हल्स चारला येते म्हणाले होते, ती आली सहाला. दोन तास माय, बाबा आणि मी एका बाकड्यावर बसून होतो, आणि बोलायचं होतं ते पहिल्या दहा मिनिटांतच संपलं होतं. माय पिशवीची गाठ सोडायची, जवसाच्या चटणीचा डबा नीट बसलाय का बघायची, पुन्हा गाठ मारायची. बाबांनी आमच्या गावाहून, फुलसावंगीहून येताना जीपमध्ये एक शब्द काढला नव्हता. तूर काढणीला आली होती, मजूर शेतात सोडून ते आले होते, म्हणून चिडलेत असं मला वाटत होतं. गाडीचा हॉर्न वाजला तसे ते उठले नि म्हणाले, "तिकडं कोनी दोन शब्द बोललं त आयकून घेजो. तुये हात चांगले हायेत, पन तोंड लय चालते." बस, एवढंच. पोरीला निरोप देताना लोकांचे बाप काय काय बोलतात, आणि माझ्या बापाने माझ्या तोंडाची तक्रार केली. मी रागातच गाडीत चढले. गाडी वळल्यावर मला हात हलवावासा वाटला, तोवर ते दोघं दिसेनासे झाले होते.

तसं बाबांचं खोटं नव्हतं. यवतमाळला नर्सिंग झाल्यावर तिथल्याच एका लहान दवाखान्यात मी सहा वर्षं ऑपरेशनला उभी राहिले, आणि त्या सहा वर्षांत वॉर्डबॉयपासून औषधवाल्यापर्यंत सगळ्यांशी माझं भांडून झालं होतं. फक्त डॉक्टरसाहेबांशी नाही. ते घाटंजीकडचे, आवाज खडा, शिव्या तयार. पण माणूस शिकवणारा. गावात सगळ्यांना वाटतं पोरगी ऑपरेशन करते. करत नाही हो. चाकू माझ्या हातात नसतो. टेबलाच्या पलीकडे, सर्जनच्या समोर जो उभा असतो तो पहिला असिस्टंट, ती मी. पेशंटला भूल दिली की त्याची कोपरं, टाचा कुठे दबत नाहीत ना ते बघायचं. पोट उघडलं की कडा ओढून धरायच्या, हात भरून आले तरी हलायचं नाही. रक्त टिपायचं, पुसायचं नाही, कारण पुसलं की बसलेली गुठळी निघते. गाठ मारून झाली की दोरा कापायचा, पण सर्जनने म्हटल्यावर. न सांगता कापायचा नाही, हा पहिला नियम.

आणि बघायचं. हे सगळ्यांत मोठं काम. सर्जन ज्या बाजूला उभा असतो, पोटातला त्याच बाजूचा खोल कोपरा त्याला स्वतःला नीट दिसत नाही, समोरच्याला दिसतो. डॉक्टरसाहेब म्हणायचे, "सिस्टर, त्या कोपऱ्यापुरते माये डोये तुमी." मी बघायची नि रक्त दिसलं की सांगायची, साहेब, येऊन राह्यलं. की लगेच त्यांचा हात चिमट्यासाठी पुढे. सहा वर्षांत त्यांना मला दुसऱ्यांदा काही विचारावं लागलं नाही.

पुण्यात हॉस्पिटलच्या नोकरीला आले आणि हॉस्टेलमधल्या पहिल्याच रविवारी एका मुलीने खोलीबाहेरून हाक मारली. मी आतून ओरडले, मी जेवून राह्यली. ती म्हणाली, जेवून कुठे राहिलीस गं? सगळ्या हसल्या. वाईट नव्हत्या त्या पोरी, अजून फोन करतात. पण मला ते लागलं. आमच्याकडे पाऊस येऊन राह्यला म्हणजे तो येतोय. इथे एखादी गोष्ट राहिली म्हणजे झालीच नाही, नाहीतर थांबली. डबा भरायचा राहिला, फोन करायचा राहिला, गुडघा दुखायचा राहिला. मी हळूहळू सगळं बदललं. मले, तुले गेलं. का-ला काहून म्हणणं गेलं. येतंय, जातंय, बघतेय आलं. आणि भांडणही गेलं. पुण्यात तुम्ही आवाज चढवलात की समोरचा तुमच्याशी एकदम शुद्ध बोलायला लागतो, आणि ते शिवी खाण्यापेक्षा वाईट. बाबांनी सांगितलं तसं मी ऐकून घ्यायला शिकले. पंधरा वर्षं झाली. आता इथेच लग्न, इथेच घर, आणि माझी लेक मला म्हणते, आई, आजीशी फोनवर बोलताना तू वेगळीच बाई होतेस.

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. मी ज्या हॉस्पिटलात आहे तिथे सकाळची दुसरी केस. चाळिशीतली बाई, गर्भपिशवीत मोठ्या गाठी, पिशवी काढायची होती. शाळेच्या बसमध्ये पोरांना चढवण्या-उतरवण्याचं काम करायची. भूल द्यायच्या आधी तिने माझं बोट धरलं आणि विचारलं, तुम्ही शेवटपर्यंत आहात ना इथे? मी म्हटलं, आहे ना. त्यावर तिने डोळे मिटले.

आमचे सर भला माणूस. हात अतिशय सफाईचा, बोलणं कमी, कुणाचा अपमान करणार नाहीत. पिशवी निघाली, सगळ्या गाठी मारून झाल्या, पण डावीकडे थोडं रक्त झिरपत होतं. सर पेशंटच्या डाव्या बाजूला उभे होते, म्हणजे तो कोपरा माझा. तिथे मॉप, म्हणजे कापडाची जाड घडी, दाबून ठेवला. पाच मिनिटांनी तो काढला. माझा एक हात कडा धरणारा रिट्रॅक्टर ओढून बधिर झालेला, दुसऱ्या हातात रक्त ओढणारी सक्शनची नळी, तिचा खरखर आवाज, तोंडावर मास्क. सरांनी विचारलं, "सिस्टर, डावीकडे?" मी बघितलं. मांसाच्या घडीखालून एक लाल धार येत होती. दोऱ्याएवढी बारीक. पण येत होती. आणि इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेली जीभ घसरली.

"येऊन राह्यलं, सर."

"छान," सर म्हणाले. "चला, बंद करू."

मला वाटलं, त्यांनी ऐकलं. ऐकून ठरवलं की एवढं चालतं. बारीक रक्त पुष्कळदा आपोआप थांबतं, हे मलाही माहीत आहे. हजारो पोटं बघितलेला माणूस, त्याला शिकवणारी मी कोण? त्यांनी टाका घेतला. मी कडा धरल्या. ते गाठ मारायचे, काप म्हणायचे, मी कापायची. प्रत्येक टाक्याला तो कोपरा थोडा थोडा झाकत गेला. मनात येत होतं, पुन्हा म्हणावं का? आणि लगेच येत होतं, सांगितलंय ना एकदा, त्यांना कळत नाही का? चिडतील. समोर नवीन शिकाऊ डॉक्टर उभी, तिच्यासमोर मी सरांना दोनदा तेच सांगितलं तर ते बरं दिसेल का? मूग गिळून गप्प बसले. घड्याळ समोर भिंतीवर होतं, त्यामुळे मला पक्कं माहीत आहे, मी पाच मिनिटं गप्प होते.

मग भूल देणाऱ्या मॅडम पडद्यापलीकडून म्हणाल्या की पल्स वाढतेय, प्रेशरही उतरतंय, आत काही राहिलंय का?

सरांनी मानही वर केली नाही. "नाही, कोरडं आहे. डावीकडचं सिस्टरनी बघितलं. म्हणाल्या ना, यायचं राहिलं."

यायचं राहिलं. मी सांगितलं होतं की येतंय, आणि त्यांनी ऐकलं होतं की थांबलं. ते माझ्या डोळ्यांवर विसंबून तिचं पोट शिवत होते.

"सर, मी तसं नाही म्हणाले," मी म्हटलं. "येतंय असं म्हणाले होते. तेव्हापासून येतंय."

त्यांनी वर बघितलं. मास्कवरचे डोळे तेवढे दिसत होते, आणि त्यांत राग नव्हता, त्यांना कळतच नव्हतं. ते समजेपर्यंत थांबायला मला धीर नव्हता. माझ्या हातात कात्री होती. मी न विचारता त्यांचा शेवटचा टाका कापला, मग त्याच्या आधीचा. आयुष्यात पहिल्यांदा. शिकाऊ डॉक्टरच्या तोंडून हाय निघालं. पोट उघडलं तर आत रक्त भरलेलं. सक्शन पुरेना. मी हात आत घातला, त्या कोपऱ्यात मॉप लावून बोटांनी दाबून धरलं आणि म्हटलं, "मी धरलंय, सर. सोडणार नाही."

तिथे घाईने चिमटा लावता येत नाही. मूत्राची नळी अगदी शेजारून जाते, ती चिमट्यात आली तर बाई वाचून आयुष्यभर भोगेल. सरांनी नळी आधी शोधली, बाजूला केली. मग म्हणाले, एक बोट उचला. उचललं. अजून एक. उचललं. तिसऱ्या बोटाखाली ती सुटलेली रक्तवाहिनी सापडली. चिमटा बसला, गाठ बसली, वर दुसरी गाठ बसली. बाहेरून रक्ताच्या पिशव्या आल्या. किती वेळ लागला मला सांगता येणार नाही, त्या वेळी मी घड्याळाकडे बघितलंच नाही. मॅडम म्हणाल्या, प्रेशर येतंय, आणि मग सरांनी पुन्हा विचारलं, सिस्टर, डावीकडे? मी एकेक अक्षर तोडून म्हटलं, बंद आहे. त्यांनी माझ्याशेजारी येऊन, वाकून स्वतः बघितलं.

बाई वाचली. सहाव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेली. सरांनी तिच्या नवऱ्याला बसवून झालेलं सगळं सांगितलं. मलाही बोलावलं, म्हणाले, चूक माझी, शंका नसतानाही मी परत विचारायला हवं होतं. मग राह्यलं म्हणजे नक्की काय ते माझ्याकडून समजून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, नियम केला, रक्ताबद्दल सांगताना चालू नाहीतर बंद, तिसरा शब्द नको. पुढे या गोष्टीचा विनोद झाला. कुणाचा चहा यायला उशीर झाला की कोणीतरी म्हणतंच, येऊन राह्यला. मीही हसते. हसायचं नाही तर काय करायचं? सगळ्यांच्या हिशेबी तो भाषेचा घोळ होता, आणि भाषेच्या घोळाला कोणी दोषी नसतं. मला ते सोयीचं होतं.

म्हणून मायलाही मी तो विनोद म्हणूनच सांगितला. बाबा गेल्यापासून ती रविवारी जेवणं झाली की फोन करते. मी रंगवून सांगितलं, पुण्याचा एवढा मोठा डॉक्टर आणि त्याला आपलं राह्यलं कळत नाही. मला वाटलं ती पोट धरून हसेल. ती हसली नाही. तिने विचारलं, त्याने आयकलं चुकीचं, पन थो शिवाले लागला ते त तुले दिसत होतं ना? मी म्हटलं, हो. रक्त येऊन राह्यलं ते बी दिसत होतं? हो, माय.

"मंग डबल काहून नाही सांगतलं वं तू?"

वर्षभरात हे मला कोणी विचारलं नव्हतं. सरांनी नाही, मॅडमनी नाही, नवऱ्याने नाही. शब्द चुकायला एक क्षण लागला होता, त्यानंतरची पाच मिनिटं मी चुकत होते, आणि चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईने फोनवर ऐकून ते बरोबर ओळखलं. मी काहीतरी बोलायला लागले, की असिस्टंटने सर्जनला असं दोनदा सांगायचं नसतं, तिथली पद्धत वेगळी असते. तिने मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाली, "थे बाई बिचारी त झोपेल होती. थे कोनाले सांगनार होती?"

मला रडू आलं. लेक शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती, म्हणून मी गॅलरीत जाऊन दार लावून घेतलं. म्हटलं, "भेली वं माय मी." ती म्हणाली, हं. समजूत काढली नाही, जाऊ दे म्हणाली नाही, तूच वाचवलं असंही म्हणाली नाही.

तेव्हापासून मी ओटीत दोनदा सांगते. सरांनी ऐकलं असं दिसलं तरी दुसऱ्यांदा सांगते, आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत कात्री उचलत नाही. नवीन पोरी म्हणतात, सिस्टर फार कटकट करतात. करते.

फुलसावंगीहून निघून पुण्यात, नागपुरात, कुठे कुठे जाऊन बसलेल्या माझ्यासारख्यांना लोक विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं? माझ्या वस्तू इथे आहेत, माणसं इथे आहेत, मतदान इथे आहे. मेले तर इथेच जाळतील. पण त्या दिवसाबद्दल इथे ज्याने ज्याने विचारलं, त्याला मी सांगितलं की थोडं टेन्शन आलं होतं. भेली असं मी एकाच ठिकाणी सांगितलं.